भिंतीलगतची जागा

स्केल्डरबीच्या व्हेस्ट्रीत एकदा शिरलेला विषय सहसा बाहेर येत नसे. तो तिथेच म्हातारा होई. चर्चचा आणि चर्चबरोबर निम्म्या गावाचा कारभार पाहणारी ही सभा वर्षातून चार-पाच वेळा चर्चच्या मागच्या खोलीत भरे. तिथे पाद्रीसाहेबांचे झगे टांगलेले असत आणि मेणबत्त्या उंदरांनी कुरतडलेल्या असत. कर भरणाऱ्या कुणीही यावं, बसावं, बोलावं, हात वर करावा, असा कायदाच होता. पाद्री ऑल्डससाहेब प्रार्थना म्हणून सभेला सुरुवात करत. मग कुणीतरी थंडीबद्दल बोले. मग सभा समोरच्या ‘पांढरं हरीण’ गुत्त्यात न्यावी असा ठराव येई, आणि स्केल्डरबीच्या इतिहासात विरोध, दुरुस्ती आणि उशीर यांच्याशिवाय मंजूर होत आलेला तेवढा एकच ठराव होता.

बाकी सगळी भिजत घोंगडी. चर्चच्या शिखरावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा पूर्वेकडे तोंड करून अडकला होता. त्याला जागेवरच तेल घालावं की खाली उतरवावं, यावर इतकी वर्षं काथ्याकूट चालला होता की गावातली तरुण मंडळी वारा पूर्वेकडूनच येतो अशा समजुतीत वाढली होती.

एमॉस थर्कल या सभेत लोकांचा वॉर्डन, म्हणजे कारभारी होता. वॉर्डन दोन असत. एक पाद्रीसाहेब नेमत, दुसरा लोक निवडत. पाद्रीसाहेबांनी नेमलेले गॅदरकोल हे गावातले सर्वांत मोठे शेतकरी. त्यांच्या मेंढ्या मोजता येत नसत आणि त्यांची भाषणं संपता संपत नसत. मनाने माणूस लोण्यासारखा, पण ते लोणी सभेत सगळीकडे पसरे. थर्कलचा धंदा खोगिरं आणि घोड्यांचे साज शिवण्याचा. चामड्याला पाडलेलं भोक पुन्हा बुजवता येत नाही हे धंद्याने शिकवलेलं, म्हणून तो बोलण्याआधी विचार करी. आणि त्याचा विचार पुरा होईपर्यंत निम्मे लोक घरी गेलेले असत.

त्याचा विषय एकच होता, कबरस्थानाचा.

नऊ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात थर्कलची तिन्ही मुलं तापाने गेली होती. थोरला नेड, मधली रूथ, आणि नुकती धरून धरून उभी राहायला लागलेली टॅबी. त्या उन्हाळ्यात तशी घरं गावात बरीच झाली. लिंकन शहरातून डॉक्टर आला. त्याने हापशाचं पाणी काचेच्या भांड्यात धरून पाहिलं, मान वर करून चर्चभोवतीच्या कबरस्थानाकडे पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे पाहिलं. चढावरच्या त्या एवढ्याशा आवारात कित्येक पिढ्यांचं स्केल्डरबी एकावर एक निजलेलं होतं, आणि उताराच्या पायथ्याशी जिवंतांचा हापसा. डॉक्टर म्हणाला, इथे पुरणं बंद करा, नाहीतर हे पाणी तुम्हालाही तिथेच नेईल.

थर्कलने हा विषय व्हेस्ट्रीत मांडला तेव्हा त्याच्या दंडाला काळी फीत होती. फीत झिजून गळून पडली, विषय जागेवरच होता. पहिलं वर्ष डॉक्टर कुठल्या पंथाचा आहे या चर्चेत गेलं. मग नवीन कबरस्थानासाठी टेकडीवरची जागा सुचली, तेव्हा मेलेल्याला वर नेताना जिवंतांचे गुडघे जातील अशी हरकत आली. मग बिशपसाहेबांना पत्र लिहायचं ठरलं आणि पत्रात ‘विनंती’ लिहायचं की ‘नम्र विनंती’, यावर एक हिवाळा गेला. दरवेळी थर्कल उठून एवढंच म्हणे, “आता मताला टाकू या.” गावातली पोरं त्याला रस्त्यात बघून ‘मताला टाका, मताला टाका’ असं कोंबडीच्या आवाजात ओरडत. तो पोरांवर कधी रागावला नाही. ती जिवंत होती, एवढं त्याला पुरे होतं.

मागच्या शरदात ताप पुन्हा आला आणि पाणचक्कीवाल्याची दोन मुलं घेऊन गेला. तेव्हा मात्र गाव हललं. गॅदरकोलनी टेकडीवरचं शेत दिलं, बिशपसाहेब येऊन त्यावर आशीर्वाद शिंपडून गेले. उरल्या फक्त दोन गोष्टी. जुनं कबरस्थान कोणत्या तारखेपासून बंद करायचं, आणि कुणाला अपवाद करायचा का.

नोव्हेंबरच्या सभेत अपवादाचा प्रश्न निघाला आणि डॉर्कस पिंडर उभी राहिली. विधवा बाई, स्वतःच्या नावाने कर भरणारी. तिला बोलायचा हक्क होता; तिच्याआधी तो कुठल्या बाईने वापरला नव्हता एवढंच. तिने सांगितलं की तिच्या नवऱ्याच्या कबरीशेजारी तिची जागा राखलेली आहे, दगडावर तिचं नावही कोरून झालंय, पुढची तारीख तेवढी कोरी आहे. आता ते नाव तिथे आणि आपण टेकडीवर, हे काही बरं दिसत नाही.

सभेला ते पटलं. लगेच गॅदरकोलना आठवलं की त्यांचे आजोबा एकटेच पडून आहेत. मग गुत्तेवाल्याला त्याची आई आठवली. हां हां म्हणता अपवादांत सगळं गाव आलं. उरला तो नुकताच बदलून आलेला अबकारी शिपाई, त्याचं कुणी मेलेलंच नव्हतं.

थर्कल उठला. “एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल,” तो म्हणाला. “मग हापसा आहे तसाच. अपवाद कुणालाच नको. मलाही नको.”

थर्कलच्या मुलांची कबर दक्षिणेकडच्या भिंतीलगत होती, आणि तिच्या बाजूला आई-बापांपुरती जागा सोडलेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. डॉर्कस खाली बसली.

“बरं, एमॉस,” ती म्हणाली. “तुझी बायको अजून ठणठणीत आहे.”

तेवढ्यात गुत्तेवाल्याने गरम मटण आणलं, आणि तारीख पुढच्या सभेवर गेली.

नाताळाच्या सुमारास केझाया थर्कल खोकायला लागली. जानेवारीत तिने अंथरूण धरलं. डॉक्टरने तिच्या पाठीला कान लावला, मग थर्कलला बाहेर नेलं आणि घोड्याच्या साजाबद्दल बराच वेळ बोलून शेवटी सांगितलं की फुप्फुसं गेली आहेत. किती दिवस ते तिच्यावर आहे. नीट खाल्लं-प्यायलं तर वसंत बघेल, नाहीतर नाही.

केझाया हे बाहेर न येताही समजली. ती स्वभावाने अशी, की मनात मोठं काही असलं तर आधी बारीकसं काहीतरी विचारायची.

“ते कबरस्थान कधीपासून बंद करणार म्हणे?”

“मरियेच्या सणापासून म्हणतायत,” थर्कल म्हणाला. “पण ठरलं नाही अजून. तुला माहीत आहेत आपले लोक.”

“म्हणजे मार्चअखेर,” ती म्हणाली आणि गोधडीवर बोटं टेकवत काहीतरी मोजलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने सूप वाडग्यात तसंच ठेवायला सुरुवात केली. आधी अर्धं, मग सगळंच. पोटात जागा नाही म्हणे. पाव तर बघवत नाही म्हणे. थर्कलला वाटलं, आजार वाढला. मग एकदा त्याने भरलेला वाडगा उचलला, तेव्हा तिची नजर त्याच्या मागे मागे दारापर्यंत गेली. ती भुकेल्या माणसाची नजर होती.

तो परत येऊन पलंगाच्या कडेला बसला. “हे काय चाललंय, केझाया?”

“घाई,” ती म्हणाली. “जन्मात पहिल्यांदा तुमची व्हेस्ट्री एखादी गोष्ट वेळेवर करणार, तर मलाही वेळेत निघायला नको का?”

त्याला हसू येईना.

“मला पोरांजवळ जायचंय,” ती म्हणाली. “नऊ वर्षं मी त्या जागेकडे बघतेय. एका बाईने काय होणार आहे हापशाला? मूठभर तर उरलेय मी.”

थर्कलला यावर उत्तर होतं. ते त्याने नऊ वर्षं सभेत दिलं होतं: प्रत्येक जण एकेकटा मूठभरच असतो. पण सभेतलं उत्तर पलंगाशी देता येत नाही. तो म्हणाला, “बघतो मी.”

पण तो काय बघणार होता? ‘मलाही नको’ असं चारचौघांत म्हणून बसलेला माणूस अपवाद मागायला कोणत्या तोंडाने उभा राहणार? आणि समजा राहिला, गावाने दिलाही, तर पाणचक्कीवाल्याच्या डोळ्याला डोळा कसा देणार? पट्टा शिवता शिवता त्याने खूप विचार केला, आणि शेवटी त्याला एक मार्ग दिसला. मागायचं काहीच नाही. फक्त गप्प बसायचं. फेब्रुवारीच्या सभेत या वेळी ‘मताला टाकू या’ म्हणायचं नाही, बस्स. बाकी व्हेस्ट्री बघून घेईल. गॅदरकोल गटारांवर बोलतील, कोणीतरी कोंबड्याचा विषय काढेल, गरम मटण येईल, तारीख ईस्टरनंतर जाईल, ईस्टरनंतर लोकरीची कातरणी, मग गवताची कापणी. केझायाला घाई करायची गरज उरणार नाही. ती जेवेल, वसंत बघेल, आणि जायचं तेव्हा भिंतीलगत जाईल. नऊ वर्षं ज्या दिरंगाईला तो मनातून शिव्या घालत आला होता, तिच्यावर त्याने पहिल्यांदाच भरवसा ठेवला.

सभेच्या दिवशी खोली नेहमीसारखीच गारठलेली होती. ऑल्डससाहेबांनी प्रार्थना म्हटली, ती थर्कलला जरा आखूड वाटली. थंडीबद्दल कुणी बोललं नाही. थर्कलने गुत्तेवाल्याकडे पाहिलं. गुत्तेवाला छताकडे बघत होता.

“वाऱ्याचा कोंबडा,” पाद्रीसाहेब म्हणाले.

“उतरवा,” गॅदरकोल म्हणाले, आणि खाली बसले.

हात वर झाले. झालं. निम्म्या गावाच्या जन्मापासून चाललेला विषय नाक शिंकरायला लागतो तेवढ्या वेळात संपला. पुढे गटारं आली, त्यांच्यावरही गॅदरकोल तीनच शब्द बोलले. घंटेचा दोर, आवारातल्या मेंढ्या, कुत्र्यांना चर्चमधून हाकलणाऱ्याचा नवा कोट, सगळं एकामागून एक मंजूर. या खोलीत असं काही कधी घडलं नव्हतं. बाहेर अजून लख्ख उजेड होता.

“कबरस्थान,” पाद्रीसाहेब म्हणाले. “मरियेच्या सणापासून बंद. अपवाद?”

थर्कलने खाली पाहिलं. गॅदरकोल उठले आणि अगदी आदराने म्हणाले की या बाबतीत मिस्टर थर्कल नोव्हेंबरात बोलले तेच योग्य होतं, गावाने ते तेव्हाच मान्य करायला हवं होतं, उशीर झाला याची सर्वांना लाज वाटते. अपवाद कुणालाच नको.

“कुणी विरोधात?”

पाद्रीसाहेब थांबले, नियमाप्रमाणे थांबायचं तेवढे थांबले. भिंतीला टेकून पाणचक्कीवाला उभा होता. मुलं गेल्यापासून तो सभेला यायचा, बोलायचा काही नाही, टोपी हातात घेऊन उभा असायचा. थर्कलचं तोंड उघडलं होतं. ते त्याने मिटलं.

“मंजूर,” पाद्रीसाहेब म्हणाले.

बाहेर पडताना गॅदरकोलनी स्वतः त्याला घालायला कोट धरला. “जा आता, थर्कल, घरी जा,” ते हळूच म्हणाले. “परवा ‘पांढऱ्या हरणा’त बसून आम्ही सगळ्यांनी ठरवलं. घरात बायको पडलेली असताना माणसाला आपण चार-चार तास डांबून ठेवतो, हे काही माणुसकीचं नाही. म्हटलं, या वेळी पटकन उरकायचं. आणि त्याच्या मनासारखं करायचं.”

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. थर्कलने त्याच्याकडे पाहिलं.

“मोठे उपकार झाले,” तो म्हणाला.

घर टेकडीच्या वाटेवर होतं. ती वाट त्याने कधी इतकी हळू चालली नव्हती. आत शिरला तेव्हा केझाया जागीच होती, आणि तो इतक्या लवकर कसा आला याचं तिला नवल वाटलं.

“सभा झालीच नाही,” थर्कल म्हणाला.

“का?”

“गॅदरकोलचा पाय सुजलाय. तहकूब. आता ईस्टरनंतर कधीतरी.”

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा त्यात एखादी बारीकशी गोष्ट घालतो. पाय कसा सुजलाय, बूट कसा चढेना, हेही त्याने सांगितलं. केझाया त्याच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली, हसता हसता खोकली, आणि खोकला थांबल्यावर पुन्हा हसली.

“शेवटच्या न्यायाच्या दिवशीसुद्धा हे लोक देवाला सांगतील,” ती म्हणाली, “इथे शेकोटी नाही, समोर हरणात जाऊन बसू या.”

मग जराशाने म्हणाली, “सूप आहे का रे?”

त्याने सूप गरम केलं. तिने वाडगाभर प्यायलं आणि पावाने वाडगा पुसून घेतला.

दुपारच्या वेळी केझायाजवळ डॉर्कस पिंडर येऊन बसत असे. थर्कलला दुकान बघावं लागे आणि गावात दुसरी रिकामी बाई नव्हती. म्हणजे खोटं टिकवायचं तर ते डॉर्कसला सांगणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी तो तिला दारातच गाठून उभा राहिला आणि जे सांगायचं ते हातातल्या चामड्याच्या तुकड्याकडे बघत सांगितलं.

डॉर्कसने सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे मला अपवाद नाही,” ती म्हणाली, “पण तुझ्या खोट्याला आहे.”

थर्कल चामड्याच्या तुकड्याची घडी घालत राहिला.

“एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं ना, एमॉस? आता बघ, उद्या दूधवाली येईल, परवा डॉक्टर येईल. सगळ्यांना वाटत बस.” मग तिने शालीची गाठ सोडली. “सर बाजूला. सूप उतू जाईल आत.”

त्याने खरंच सगळ्यांना वाटलं. दूधवालीला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, पाद्रीसाहेब भेटीला आले तेव्हा त्यांनाही फाटकाशी अडवून सांगितलं. ऑल्डससाहेब म्हणाले की खोटं बोलणं त्यांच्याच्याने होणार नाही, पण विषय बदलता येईल. आणि आत जाऊन त्यांनी आजारी बाईशी पाऊण तास मधमाश्यांवर गप्पा मारल्या.

केझाया खात राहिली. सूप, मग अंडं, मग जवाचा पाव. गालांवर थोडा रंग आला, उशांना टेकून बसायला लागली. डॉक्टर म्हणाला, कमाल आहे. थर्कल तिला भरवायला स्वतः बसे. मरियेचा सण एकेका चमच्याने जवळ येत होता हे त्याला कळत होतं. हात आखडता घेतला असता तर ती अजूनही वेळेत पोचली असती. तो हात आखडता घेत नव्हता. उलट वाडगा संपला की विचारी, अजून देऊ?

सण आला आणि गेला. कबरस्थानाच्या दारावर कागद लागला. केझाया त्या दिवशी दोन अंडी खाऊन झोपली.

एप्रिलमध्ये म्हातारा ब्रंबी मेला, टेकडीवर जाणारा पहिला. नियमाप्रमाणे वॉर्डनला काठी घेऊन प्रेतापुढे चालावं लागे. गॅदरकोलचा पाय आता खरोखरच सुजला होता, तेव्हा थर्कललाच जावं लागलं. आणि टेकडीची वाट त्याच्याच खिडकीखालून जात होती. डॉर्कसने आतून पडदा ओढून घेतला होता. थर्कल स्वतःच्या घरावरून नजर समोर ठेवून गेला. मागे खांदेकरी धापा टाकत होते.

संध्याकाळी केझायाने विचारलं, “कोण गेलं?”

“ब्रंबी.”

“या वाटेने?”

“खालच्या वाटेवर चिखल आहे,” थर्कल म्हणाला. “वळसा घालून नेला.”

“हं,” ती म्हणाली, आणि पावाचा आणखी एक तुकडा मागितला. त्यानंतर तिने व्हेस्ट्रीबद्दल पुन्हा काही विचारलं नाही.

त्या दिवसांत थर्कलने काम पलंगाजवळ आणलं. तो लगाम शिवायचा, ती दोऱ्याला मेण लावून द्यायची. नऊ वर्षांत त्या घरात मुलांची नावं निघाली नव्हती. एकाने काढलं तर दुसरा सहन करणार नाही असं दोघांनाही वाटत आलं होतं. आता ती सहज निघायला लागली. नेडने खोगिराच्या नव्या चामड्यावर खिळ्याने कोंबडी कोरली होती आणि मार चुकवायला सैपाकघरात लपला होता, हे थर्कल विसरूनच गेला होता. केझायाने सांगितलं की तेव्हा तिने त्याला पिठाच्या पेटीत बसवलं होतं. “आणि मला म्हणालीस तो शेतात गेलाय,” थर्कल म्हणाला. “तर काय,” ती म्हणाली, “या घरात खोटं पहिल्यांदा मी बोलले.” दोघं इतकी हसली की खाली रस्त्यावरून जाणारा पाणचक्कीवाला थबकला.

मेमध्ये कुंपणांना पांढरा बहर आला आणि तिचा श्वास लहान व्हायला लागला. एका दुपारी ती बराच वेळ दोरा हातात धरून बसली.

“एमॉस, टेकडीवर वारा असतो ना रे फार?”

थर्कलची सुई चामड्यात अर्ध्यावर थांबली. “असतो,” तो म्हणाला.

“मग माझी राखाडी शाल घाल मला. जाड आहे ती. ती पातळ नको.”

सुई बाहेर ओढत त्याने विचारलं, “डॉर्कस बोलली?”

“ती कशाला बोलतेय. ओझं घेऊन चढ चढणारी माणसं कशी धापतात, ते पडद्यातून ऐकू येतं.” ती थांबून श्वास घेई आणि मग पुढचं वाक्य बोले. “आणि गॅदरकोलचा पाय सुजला म्हणून सभा तहकूब? तो माणूस मेला तरी सभेत बोलायला येईल. ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“पहिल्याच दिवशी?” थर्कल म्हणाला. “मग तू... मग तू खाल्लंस का?”

केझायाने त्याच्याकडे पाहिलं. उत्तर मोठं होतं आणि तेवढा श्वास उरला नव्हता, म्हणून की काय, तिने छोटंसं दिलं.

“तू खोटं बोललास,” ती म्हणाली. “माझ्यासाठी. म्हटलं, राहावं अजून थोडं.”

पुढच्या रविवारी, घंटा वाजायच्या आधी, ती गेली.

चर्चमधली प्रार्थना झाली आणि खांदेकऱ्यांनी शवपेटी उचलली. सगळं गाव आलं होतं. दारातून बाहेर पडल्यावर खांदेकऱ्यांचे पाय सवयीने दक्षिणेकडे वळले, बापजाद्यांपासून वळत आले तसे. चार पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते जागच्या जागी थांबले. पेटी खांद्यावर, समोर भिंत, भिंतीलगत उंच वाढलेलं गवत, गवतात मुलांचा दगड आणि त्याच्या बाजूला ती रिकामी जागा. मागे फिरा असं म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

गॅदरकोल काठीवर रेलत पुढे आले आणि त्यांनी टोपी काढली. घसा खाकरला. जन्मभर त्यांना एकाच पद्धतीने बोलता येत होतं, तसेच ते आताही बोलले. असा प्रस्ताव आहे, ते म्हणाले, की आता इथवर आलोच आहोत, तर. पुढचे शब्द त्यांना सापडले नाहीत.

“माझं अनुमोदन,” डॉर्कस पिंडर म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. “बघता काय? माझ्या वेळी कोण काय मांडतं ते माझं मी बघेन. आज हिला ठेवा तिथे.”

ऑल्डससाहेबांनी प्रार्थनेचं पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं. हळूच म्हणाले की त्यांची दृष्टी अलीकडे फार अधू झाली आहे, आपण कुठे उभे आहोत हेही नीटसं दिसत नाही. पाणचक्कीवाल्याने टोपी दोन्ही हातांत धरली होती. त्यानेही मान हलवली. हो म्हणून हलवली.

गावाने थर्कलला दिलेलं हे सर्वांत मोठं दान होतं, आणि ते घ्यायला कुणाची आडकाठी नव्हती. त्याने भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे उतार, उताराच्या पायथ्याशी हापसा. तिथे कुणाची तरी मुलगी दांड्याला लोंबकळत होती. दांडा खाली येईपर्यंत तिचे पाय जमिनीवर नसत.

“वर,” थर्कल म्हणाला.

कुणी हललं नाही. एका माणसाच्या शब्दावर काही करायची त्या गावाला सवय नव्हती.

“वर न्या तिला,” तो पुन्हा म्हणाला. “शाल घातली आहे.”

हे कुणालाच कळलं नाही. डॉर्कसला तेवढं कळलं. सकाळी केझायाला तिनेच तयार केलं होतं. तिने पुढे होऊन थर्कलच्या कोपराला धरलं, जोरात धरलं, आणि खांदेकऱ्यांना म्हणाली की ओझं खांद्यावर घेऊन किती वेळ ताटकळत राहाल, चला. पेटी हळूहळू फिरली. गॅदरकोलना तो चढ झेपणार नव्हता, तरी ते निघाले. थर्कल वॉर्डनची काठी चर्चच्या दारातच टेकवून आला होता. तो पुढे चालला नाही, पेटीच्या बाजूने चालला, एक हात लाकडावर ठेवून. घरावरून जाताना त्याने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. पडदा सरकवलेला होता, आणि चौकटीवर मेण लावलेल्या दोऱ्याचा गुंडा तसाच पडलेला होता.